प्रतिनिधीचा हिशेब : ‘बहिष्कृत भारत’ ते ‘जनता’

१

निवडणूक जवळ आली की आमदारांचे कार्य अहवाल निघतात. गुळगुळीत कागद, पहिल्या पानावर पक्षनेत्याचा फोटो, आत समाजमंदिरांच्या कोनशिला, रस्त्यांची भूमिपूजने आणि किती लाखांचा निधी आणला त्याचे आकडे. हा अहवाल शेवटच्या पानापर्यंत वाचला तरी एका साध्या प्रश्नाचे उत्तर मिळत नाही. हा माणूस विधानसभेत बसला होता, तेव्हा तेथे त्याने काय केले? कोणत्या विधेयकावर तो बोलला, कोणत्या विधेयकावर गप्प बसला, मत कोणत्या बाजूला टाकले, आणि जे मागितले ते का मिळाले नाही? कायदा करायला पाठविलेला माणूस कायद्याचा हिशेब देत नाही. कंत्राटांचा हिशेब देतो.

हे दुखणे सर्वच आमदारांचे आहे हे खरे. पण राखीव मतदारसंघातून निवडून गेलेल्या प्रतिनिधीबाबत हा प्रश्न अधिक टोकाचा होतो. त्याच्या खुर्चीमागे एका समाजाच्या शतकानुशतकांच्या मुकेपणाचा इतिहास आहे. तो तेथे गप्प बसला, तर गप्प बसणारा केवळ तो एकटा नसतो.

प्रतिनिधीने आपल्या लोकांना सभागृहातल्या कामाचा नियमित हिशेब द्यायचा, ही कल्पना पाश्चात्त्य संसदीय प्रथेतून आपल्याकडे आली असे समजण्याचे कारण नाही. निदान महाराष्ट्रातील दलित चळवळीला तरी ती कोणी शिकविलेली नाही. १९२७ ते १९३९ या बारा-तेरा वर्षांत डॉ. बाबासाहेब आंबेडकर मुंबईच्या विधिमंडळात होते. आधी सरकारने नेमलेले सभासद म्हणून आणि नंतर लोकांनी निवडलेले सभासद म्हणून. या काळात कायदेमंडळ, वृत्तपत्र आणि मैदानावरची सभा या तीन ठिकाणांना त्यांनी एकमेकांशी बांधले. ती बांधणी कशी होती, तिच्यात अपयशाला काय स्थान होते आणि आज ती का सुटली, याचा विचार या लेखात करावयाचा आहे.

२

प्रारंभ एका ठरावापासून करू. ४ ऑगस्ट १९२३ रोजी मुंबई कायदे कौन्सिलात सीताराम केशव बोले यांचा ठराव मंजूर झाला. सार्वजनिक निधीतून बांधलेले किंवा चालविले जाणारे पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, तसेच शाळा, कोर्टकचेऱ्या, दवाखाने यांचा वापर अस्पृश्यांना करू द्यावा, असा त्याचा आशय. पुढच्या महिन्यात सरकारने आपल्या खात्यांना त्याप्रमाणे सूचना दिल्या. १९२४ साली महाड नगरपालिकेनेही चवदार तळे सर्वांना खुले असल्याचे ठरविले. कागदावर सगळे पुरे झाले होते.

आता एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. १९२३ पासून १९२७ पर्यंत हा ठराव ज्यांच्यासाठी होता त्यांच्यातल्या किती लोकांना तो ठाऊक होता? कौन्सिलचे कामकाज इंग्रजीत. त्याचा छापील वृत्तांत इंग्रजीत. मराठी वृत्तपत्रे सवर्णांची, त्यांचे वाचकही सवर्ण. कोकणातल्या खेड्यातील महाराच्या झोपडीपर्यंत हा ठराव पोचविणारी कोणतीही व्यवस्था अस्तित्वात नव्हती. १९१९ च्या सुधारणा कायद्यानंतर अस्पृश्यांच्या वतीने नेमणुकीने सभासद कौन्सिलात जाऊ लागले होते. परंतु नेमणुकीने गेलेल्या माणसाला नेमणारा मालक सरकार असतो. हिशेब मागायचाच तर तो गव्हर्नरने मागायचा. ज्यांच्या नावाने तो तेथे बसला, त्यांच्या हाती मत नव्हते, म्हणून जाब विचारण्याचे साधनही नव्हते.

या पार्श्वभूमीवर १९२७ सालच्या तीन तारखा एकापुढे एक ठेवून पाहाव्यात. १८ फेब्रुवारीला बाबासाहेबांनी कौन्सिलचे सभासद म्हणून शपथ घेतली. १९ व २० मार्चला महाडची परिषद भरली आणि २० तारखेला लोक चवदार तळ्यावर गेले. ३ एप्रिलला ‘बहिष्कृत भारत’ या पाक्षिकाचा पहिला अंक निघाला. पंचेचाळीस दिवसांच्या आत सभागृह, तळे आणि वृत्तपत्र या तिन्ही गोष्टी घडल्या. आपले चरित्रकार त्या वेगवेगळ्या प्रकरणांत सांगतात. वस्तुतः त्या एकाच कामाचे तीन भाग आहेत. सभागृहात झालेला ठराव खरा की खोटा, याची परीक्षा तळ्यावर झाली. आणि त्या परीक्षेचा निकाल लोकांना कळविण्यासाठी वृत्तपत्र लागले.

निकाल काय लागला तो सर्वांना माहीत आहे. सत्याग्रहींवर हल्ले झाले, तळ्याचे ‘शुद्धीकरण’ झाले, आणि ४ ऑगस्ट १९२७ रोजी, म्हणजे बोले ठरावाला बरोबर चार वर्षे झाली त्या दिवशी, महाड नगरपालिकेने आपला १९२४ चा ठराव रद्द केला. पुढे न्यायालयात दहा वर्षे गेली, तेव्हा १९३७ साली उच्च न्यायालयाने अस्पृश्यांच्या बाजूने निकाल दिला. कायदेमंडळातला शब्द आणि गावातले पाणी यांत केवढे अंतर असते, हे आपल्या प्रतिनिधीला त्याच्या पहिल्याच महिन्यात कळले. हे अंतर ज्याला दिसते, तो प्रतिनिधी ‘ठराव मंजूर करून आणला’ एवढे सांगून मोकळा होऊ शकत नाही.

३

१२ मार्च १९२७ रोजी, महाड परिषदेच्या आदल्याच आठवड्यात, बाबासाहेब कौन्सिलात शिक्षणावरील अनुदानाच्या मागणीवर बोलले. हे भाषण आपल्या शिक्षक मित्रांनी अवश्य वाचावे असे आहे. मुंबई इलाख्यात शिक्षणावर दरडोई १४ आणे खर्च होतात, आणि दारूवरच्या अबकारी उत्पन्नातून सरकार दरडोई २ रुपयांहून अधिक वसूल करते. निदान जेवढे या वाटेने लोकांकडून घेता तेवढे तरी त्यांच्या शिक्षणावर खर्च करा, अशी त्यांची मागणी होती. प्राथमिक शाळेत घातलेल्या १०० मुलांपैकी केवळ १८ मुले चौथ्या इयत्तेपर्यंत पोचतात, हेही त्यांनी सरकारच्याच अहवालाच्या आधारे दाखविले.

या भाषणाची पद्धत पाहण्यासारखी आहे. त्यात गाऱ्हाणे नाही, विनवणी तर नाहीच. सरकारच्या वहीतले दोन आकडे शेजारी मांडले, आणि त्यांच्यात जी फट दिसते ती सभागृहाला दाखविली. सरकारकडून हिशेब मागण्याची ही रीत होती. जो वर हिशेब मागतो त्याला खाली हिशेब देण्याची सवय लागते, किंबहुना त्याला ती लावूनच घ्यावी लागते. ‘बहिष्कृत भारत’चे अंक याची साक्ष आहेत. पैसा नाही, लेखक नाहीत, मदतनीस थोडे, आणि एकेका अंकाचे वीस-चोवीस रकाने संपादकालाच भरून काढावे लागत. हा संपादक त्याच वेळी कौन्सिलचा सभासद होता, कोर्टात वकिली करीत होता आणि महाविद्यालयात शिकवीत होता. तरीही १५ नोव्हेंबर १९२९ पर्यंत त्याने ते पाक्षिक चालविले.

वतनाच्या विधेयकाचे उदाहरण घेऊ. कारण येथे हिशेब देणे सोपे नव्हते. १९ मार्च १९२८ रोजी बाबासाहेबांनी १८७४ च्या वंशपरंपरागत हुद्द्यांच्या कायद्यात दुरुस्ती करणारे विधेयक कौन्सिलात मांडले. महार वतन म्हणजे काय, हे आजच्या विद्यार्थ्याला सांगितले पाहिजे. वतनदार महाराने गावकामगाराची आणि सरकारी अंमलदारांची पडेल ती कामे करायची. सारा पोचवायचा, निरोप न्यायचे, साहेब आला की त्याच्या घोड्यापुढे धावायचे. वेळ ठरलेली नाही, कामाची यादी नाही. घरचा कर्ता आजारी असेल तर बाप किंवा पोरगा हजर झाला पाहिजे. बदल्यात थोडी इनाम जमीन, आणि रयतेकडून मिळणारे बलुते. बलुते देणे न देणे गावाच्या मर्जीवर. महाराने मान वर केली की बलुते बंद. अशा रीतीने सरकारची चाकरी करणाऱ्या माणसाचा पगार गावकऱ्यांच्या हाती ठेवला होता, आणि गावकरी त्या पगाराचा उपयोग चाबकासारखा करीत.

विधेयकाचा आशय असा की बलुत्याऐवजी रोख रक्कम ठरवावी आणि ती सरकारने साऱ्याबरोबर वसूल करून द्यावी. कोणाची कोणती कामे करायची हे निश्चित करावे. आणि ज्याला या चाकरीतून सुटायचे असेल त्याने जमिनीचा पूर्ण सारा भरून मोकळे व्हावे. मागणी किती मर्यादित होती पाहा. तरीही महसूल खात्याचा विरोध झाला. विधेयक निवड समितीकडे गेले, आणि २४ जुलै १९२९ रोजी ते मागे घ्यावे लागले.

परंतु विरोध एकट्या महसूल खात्याचा होता असे म्हटले तर तो अर्धाच इतिहास होईल. वतन हा आपला मान आहे, पूर्वजांनी मिळविलेला हक्क आहे, तो सोडायचा कशाला, असे म्हणणारे आपल्यातही थोडे नव्हते. ज्या साखळीने बांधले होते तिचाच आपण दागिना समजून अभिमान बाळगीत होतो. बाबासाहेबांनी ‘बहिष्कृत भारत’मधून महारांच्या वतनावर विस्ताराने लिहिले ते यासाठी. त्या लेखनात त्यांनी आपल्या माणसांची समजूत घालण्याऐवजी त्यांच्याशी वाद घातला. वतनामुळे गाव सोडून जाता येत नाही, दुसरा धंदा करता येत नाही, स्वाभिमान उरत नाही, हे त्यांनी ज्यांच्या घरी वतन होते त्यांनाच सुनावले.

हिशेब म्हणजे लोकांना खूश करणारे पत्रक, अशी आज जी समजूत झाली आहे तिच्याशी हे ताडून पाहावे. विधेयक पडले हे लपवायचे नाही, आणि लोक चुकत असतील तर त्यांना तसे सांगायला कचरायचे नाही. मत नसलेल्या माणसांना दिलेला तो हिशेब होता. त्यातून मते मिळायची नव्हती. मग तो कशासाठी दिला? लोकांना प्रजेपासून नागरिक करायचे असेल तर त्यांना आधी हिशेब समजून घेण्याची सवय लावली पाहिजे, याखेरीज दुसरे उत्तर मला सापडत नाही.

४

‘जनता’ २४ नोव्हेंबर १९३० रोजी निघाले. त्या वेळी बाबासाहेब लंडनला गोलमेज परिषदेत होते. आधी पाक्षिक असलेले हे पत्र ३१ ऑक्टोबर १९३१ पासून साप्ताहिक झाले. देवराव नाईक, भास्करराव कद्रेकर, गंगाधरपंत सहस्रबुद्धे अशा मंडळींनी ते वाहिले. पंधरवड्याचा हिशेब आता आठवड्याचा झाला.

मधल्या काळात प्रतिनिधित्वाची घडीच बदलली. २४ सप्टेंबर १९३२ च्या पुणे कराराने स्वतंत्र मतदारसंघ गेले आणि प्रांतिक कायदेमंडळांत मिळून १४८ राखीव जागा आल्या. पद्धत अशी ठरली की प्राथमिक निवडणुकीत अस्पृश्य मतदारांनी चार उमेदवारांची यादी निवडायची, आणि त्या चारांतून एकाला सर्व हिंदू मतदारांनी मिळून निवडायचे. जागा वाढल्या, पण प्रतिनिधीच्या नाड्या कोणाच्या हाती गेल्या? ज्या मतदारसंघात सवर्णांची मते जास्त, तेथे राखीव जागेवरचा सभासद शेवटी त्यांच्याच मतांवर निवडून येणार. मग तो सभागृहात बोलताना कोणाकडे पाहून बोलेल, आणि घरी परतल्यावर हिशेब कोणाला देईल? हा प्रश्न बाबासाहेबांनी पुढे वारंवार उपस्थित केला, आणि आज नव्वदांहून अधिक वर्षे झाली तरी तो सुटलेला नाही.

त्यांनी काढलेला तोड लक्षात घेण्याजोगा आहे. ऑगस्ट १९३६ मध्ये त्यांनी स्वतंत्र मजूर पक्ष स्थापन केला. नाव जातीचे नाही, मजुरांचे. अनंतराव चित्रे, सुरबानाना टिपणीस, शामराव परुळेकर अशी अस्पृश्येतर मंडळीही या पक्षात होती. फेब्रुवारी १९३७ च्या निवडणुकीत पक्षाने १७ उमेदवार उभे केले आणि त्यांतले बहुतेक निवडून आले. बाबासाहेब स्वतः भायखळा-परळ या गिरणगावाच्या मतदारसंघातून राखीव जागेवर उभे होते. काँग्रेसने त्यांच्या विरोधात नामांकित क्रिकेटपटू पी. बाळू यांना उभे केले. बाबासाहेबांना १३,२४५ मते मिळाली, बाळूंना ११,२२५. अंतर दोन हजारांचे. देशभर गाजलेल्या नेत्याला आपल्याच वस्तीत एवढे झगडावे लागले, हे विसरून चालणार नाही.

आणखी एक गोष्ट. त्या वेळी प्रौढ मतदान नव्हते. मालमत्ता, भाडे, सारा, शिक्षण असल्या अटींवर मत मिळे. १९३५ च्या कायद्याने ब्रिटिश हिंदुस्थानात सुमारे ३ कोटी लोकांना मताधिकार दिला, म्हणजे बहुसंख्य प्रौढ बाहेरच राहिले. डिलाईल रोडच्या चाळीत एका खोलीत आठ-दहा जण राहत, त्यांतल्या फार थोड्यांचे नाव यादीत असे. स्त्रियांची नावे तर त्याहून कमी. तेव्हा मतदारयादी लहान होती आणि मतदारसंघ मोठा होता. ‘जनता’ निघत असे ते या मोठ्या मतदारसंघासाठी. एक अंक यायचा, आणि चाळीच्या गॅलरीत किंवा वस्तीतल्या चावडीपुढे एखादा शिकलेला पोरगा तो मोठ्याने वाचायचा. ज्याला अक्षर येत नव्हते, ज्याला मत नव्हते, तो माणूसही आपल्या सभासदाने कौन्सिल हॉलमध्ये काय केले ते ऐकून घरी जायचा आणि दुसऱ्या दिवशी खात्यात त्यावर वाद घालायचा.

५

जुलै १९३७ मध्ये बाळासाहेब खेर यांचे काँग्रेस मंत्रिमंडळ आले. १७५ सभासदांच्या असेंब्लीत मूठभर माणसांचा स्वतंत्र मजूर पक्ष विरोधात बसला. या पक्षाने दोन वर्षांत काय केले याची जंत्री मोठी आहे. त्यांतली चार प्रकरणे येथे पुरेत.

पहिले खोतीचे. १७ सप्टेंबर १९३७ रोजी बाबासाहेबांनी खोती नष्ट करण्याचे विधेयक असेंब्लीत मांडले. रत्नागिरी, कुलाबा आणि ठाण्याच्या काही भागांत सरकार आणि कूळ यांच्यामध्ये खोत बसलेला होता. सरकारचा सारा त्याने भरायचा आणि कुळांकडून त्याच्या कितीतरी पट धान्य काढायचे, वर वेठही घ्यायची. खोताला वाजवी नुकसानभरपाई द्यावी आणि प्रत्यक्ष कसणाऱ्याला कायद्याने भोगवटादाराचा दर्जा द्यावा, ही विधेयकाची मागणी. त्याच अधिवेशनात वतनाच्या कायद्यात दुरुस्तीचा प्रयत्नही पुन्हा झाला. खोतीचा जाच एकट्या महारांना नव्हता. कुणबी, आगरी, महार सगळेच त्याखाली पिचत होते. अलिबागजवळ चरीच्या परिसरात नारायण नागू पाटील यांच्या पुढाकाराने शेतकऱ्यांचा संप १९३३ पासून चालू होता. खाजगी सभासदाचे विधेयक मंत्रिमंडळाच्या मर्जीखेरीज पुढे सरकत नाही. सरकले नाही. तेव्हा जानेवारी १९३८ मध्ये कोकणातले हजारो शेतकरी बोटींतून, पायी मुंबईला आले आणि मोर्चाने कौन्सिल हॉलवर गेले. सभागृहात अडलेले विधेयक चालत सभागृहाच्या दारात आले.

त्या मोर्चात आलेल्या कुळाला ‘विधेयक’ हा शब्द कोठून कळला असेल? ते मांडले आहे, ते अडले आहे, आणि ते कोणी अडवले आहे, ही माहिती त्याला कोणी दिली? सभांनी दिली, ‘जनता’ने दिली. हिशेब मिळाला म्हणून मोर्चा निघाला. ज्या समाजाला आपल्या प्रतिनिधीच्या पराभवाची खबर वेळेवर मिळते, तोच समाज त्या पराभवावर उपाय करू शकतो.

दुसरे प्रकरण नावाचे. २२ जानेवारी १९३८ रोजी स्थानिक स्वराज्य संस्थांच्या कायद्यातील दुरुस्तीत अस्पृश्यांसाठी ‘हरिजन’ हा शब्द घालण्याचा प्रश्न आला. भाऊराव गायकवाडांनी, म्हणजे आपल्या दादासाहेबांनी, त्याला कडाडून विरोध केला. आम्ही देवाची माणसे, तर बाकीचे कोणाची, असा त्यांच्या बोलण्याचा रोख होता. बहुमताने ऐकले नाही, आणि स्वतंत्र मजूर पक्षाचे सभासद सभात्याग करून बाहेर पडले. या सभात्यागाने कोणाला जमीन मिळाली नाही की नोकरी मिळाली नाही. ‘निधी किती आणला’ या मोजपट्टीने त्याची किंमत शून्य. पण आपल्याला कोणत्या नावाने हाक मारायची हे आपण ठरविणार, ही गोष्ट त्या दिवशी सभागृहाच्या दप्तरात नोंदली गेली. पुढे ‘दलित’ हा शब्द अभिमानाने धारण करणाऱ्या पिढीला या नोंदीचे मोल कळते.

तिसरे प्रकरण औद्योगिक कलहाच्या विधेयकाचे. सप्टेंबर १९३८ मध्ये मंत्रिमंडळाने ते आणले. तडजोडीची सक्तीची प्रक्रिया पुरी होण्याआधी केलेला संप बेकायदेशीर ठरणार होता आणि त्याला शिक्षा होती. बाबासाहेबांनी १५ सप्टेंबरला त्यावर जे भाषण केले त्याचा गाभा असा. नोकरी सोडणे किंवा काम थांबविणे हा फार तर कराराचा भंग. तो गुन्हा ठरवून तुरुंग दाखविणे म्हणजे माणसाला त्याच्या इच्छेविरुद्ध राबायला लावणे, आणि यालाच गुलामगिरी म्हणतात. संपाचा हक्क हे स्वातंत्र्याच्या हक्काचेच दुसरे नाव. वतनाच्या विधेयकात जो मुद्दा होता तोच येथे गिरणीच्या दारात उभा राहिला. माणसाला ‘मी हे काम करणार नाही’ असे म्हणता आले पाहिजे. विधेयक बहुमताने मंजूर झाले. सभागृहात हरलेला पक्ष बाहेर आला आणि ७ नोव्हेंबर १९३८ रोजी इतर कामगार संघटनांच्या बरोबरीने त्याने एक दिवसाचा लाक्षणिक संप केला. पोलिसांनी गोळीबार केला.

येथेही एकतर्फी गौरव करण्यात अर्थ नाही. याच गिरण्यांत विणकाम खात्यात अस्पृश्य कामगाराला प्रवेश नव्हता, कारण धोटा भरताना धागा तोंडाने ओढावा लागे आणि सवर्ण कामगाराला तो विटाळ वाटे. जास्त पगार मात्र त्याच खात्यात. बाबासाहेबांनी हा प्रश्न १९२८ च्या संपाच्या वेळीच लाल निशाणाच्या पुढाऱ्यांपुढे ठेवला होता. त्याच कामगारांसाठी १९३८ साली ते सभागृहात लढले. सवर्ण कामगाराला त्याच्या हक्काची बाजू सांगायची आणि त्याच्या पापाचीही आठवण द्यायची, अशी ही दुहेरी कसरत होती.

चौथे प्रकरण सहसा सांगितले जात नाही. १० नोव्हेंबर १९३८ रोजी पक्षाचे सभासद पी. जे. रोहम यांनी संततिनियमनाचा ठराव असेंब्लीत मांडला. भाषण बाबासाहेबांनी तयार केलेले होते. बाईला नको असलेले बाळंतपण टाळता आले पाहिजे, हा विचार त्या काळी सवर्ण सुधारकांनाही झेपत नव्हता. रघुनाथराव कर्व्यांचे काय हाल झाले ते आपण जाणतो. ठराव पडला. याच प्रतिनिधीने दहा वर्षांपूर्वी, २८ जुलै १९२८ रोजी, गिरणीतल्या बायांना बाळंतपणाची भरपगारी रजा मिळावी म्हणून कौन्सिलात पाठिंब्याचे भाषण केले होते, आणि १९२९ साली तो कायदा मुंबईत झाला. गिरणगावातल्या ज्या स्त्रीचे नाव मतदारयादीत नव्हते तिचीही बाजू सभागृहात मांडली गेली, ती अशी.

६

नोव्हेंबर १९३९ मध्ये महायुद्धाच्या प्रश्नावर काँग्रेस मंत्रिमंडळाने राजीनामा दिला आणि प्रांतात गव्हर्नरची राजवट आली. दोन वर्षांचा ताळेबंद मांडायचा तर काय दिसते? खोतीचे विधेयक अडले. वतनाचे अडले. ‘हरिजन’ शब्दावर हार. औद्योगिक कलह कायद्यावर हार. संततिनियमनावर हार. आजच्या कार्य अहवालाच्या भाषेत सांगायचे तर ‘कामगिरी’ या रकान्यात लिहायला काही नाही.

आणि तरीही पुढे काय घडले? खोती १९४९ च्या कायद्याने गेली. कनिष्ठ गाववतने १९५८ च्या कायद्याने गेली. पहिले विधेयक मांडल्यापासून तीस वर्षांनी, बाबासाहेबांच्या निर्वाणानंतर. दोन्ही कायदे दुसऱ्यांच्या हातून झाले आणि दुसऱ्यांच्या नावावर जमा झाले. तेही आपल्या मनासारखे झाले नाहीत. वतन गेले, पण जमीन परत हवी तर भोगवट्याची किंमत भरायची, आणि मिळाली तरी ती नव्या, अविभाज्य शर्तीवर. सरकारच्या परवानगीवाचून विकता येत नाही. महार वतनाच्या जमिनी कोणाच्या घशात गेल्या, याची प्रकरणे आजही निघतात. वतनाचा हिशेब बंद झालेला नाही, हे आपल्या आमदारांपैकी किती जणांना ठाऊक आहे?

अपयशाचा हिशेब देणे का महत्त्वाचे, त्याचे उत्तर या तीस वर्षांत आहे. मागणी नाकारली गेली, हे ज्या लोकांना ठाऊक होते त्यांनी ती सोडली नाही. ‘सरकार विचार करीत आहे’ एवढेच सांगून प्रतिनिधी गप्प बसला असता, तर तो विचार आजही चालू राहिला असता.

शेवटचे उदाहरण दिल्लीचे. २७ सप्टेंबर १९५१ रोजी बाबासाहेबांनी केंद्रीय मंत्रिमंडळाचा राजीनामा दिला. हिंदू कोड बिलाची झालेली गत हे त्यामागचे मोठे कारण. राजीनामा देणाऱ्या मंत्र्याने सभागृहात निवेदन करायचे ही रीत. ऑक्टोबरमध्ये ते निवेदन करायला गेले, तेव्हा उपाध्यक्षांनी निवेदनाची प्रत आधी मागितली आणि ते करण्याची वेळ पुढे ढकलली. बाबासाहेब सभागृहातून बाहेर पडले आणि निवेदन वृत्तपत्रांच्या हाती दिले. सभागृहाने हिशेब ऐकायला नकार दिला, तर तो थेट लोकांना द्यायचा. १९२७ पासूनची सवय येथे कामी आली. त्यानंतर काही महिन्यांतच झालेल्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत मुंबईतून ते पराभूत झाले, हेही नमूद केले पाहिजे. खरा हिशेब दिला म्हणजे मते मिळतातच असे नाही. हे त्यांना ठाऊक नव्हते असे कोण म्हणेल?

७

आज महाराष्ट्र विधानसभेच्या २८८ जागांपैकी २९ अनुसूचित जातींसाठी आणि २५ अनुसूचित जमातींसाठी राखीव आहेत. १०४ व्या घटनादुरुस्तीने ही तरतूद २०३० च्या जानेवारीपर्यंत वाढविली आहे. त्या वेळी पुन्हा चर्चा होईल, राखीव जागांनी काय साधले असे विचारले जाईल, आणि विचारणारे सगळेच आपले हितचिंतक नसतील. त्यांना द्यायला आपल्याजवळ कोणता कागद आहे?

प्राथमिक निवडणुकीची यादी केव्हाच गेली. राखीव मतदारसंघात उभा राहणारा उमेदवार पक्षश्रेष्ठी ठरवतात, आणि तो निवडून येतो तो सर्वांच्या मतांवर. म्हणून तो हिशेब देतो तो पक्षश्रेष्ठींना. यात एखाद्या व्यक्तीला दोष देऊन भागणार नाही. ही व्यवस्थाच तशी आहे, आणि १९३२ पासून ती तशी आहे. परंतु व्यवस्था प्रतिकूल होती म्हणून बाबासाहेबांच्या पिढीने हिशेब देणे सोडले नव्हते. नेमणुकीचे सभासद असताना, इंग्रजीत चालणाऱ्या सभागृहातून, कर्जात बुडालेल्या पाक्षिकातून त्यांनी तो दिला. आज सभागृह मराठीत चालते, कार्यवाही छापली जाते, भाषणे घरोघर ऐकता येतात. प्रतिनिधी देत नसेल तर आपण तो घेऊ शकतो, एवढी सोय आता झाली आहे.

तेव्हा कार्यकर्त्यांना, विद्यार्थ्यांना आणि शिक्षकांना एक विनंती आहे. आपापल्या तालुक्यातला राखीव मतदारसंघ घ्या. अधिवेशन संपले की त्या आमदाराने कोणते प्रश्न विचारले, कोणत्या विधेयकावर तो बोलला, अनुसूचित जातींच्या योजनांचा पैसा दुसरीकडे वळविला गेला तेव्हा तो उठला की बसून राहिला, अत्याचाराच्या प्रकरणावर त्याने तोंड उघडले का, हे कार्यवाहीतून काढा. एका पानावर लिहा. बुद्धविहारात रविवारी लोक जमतात. तेथे ते पान मोठ्याने वाचा, आणि त्या आमदारालाही ऐकायला बोलवा. तो आला नाही, तर आला नाही हेही पुढच्या रविवारच्या पानावर लिहा.